मग्ग

अर्धमागधी घेतली ती मार्कांसाठी.
सगळे तशीच घेतात, कोठाडिया सरांनाही ठाऊक होतं.
पहिल्याच तासाला म्हणाले,
"पैकीच्या पैकी मिळतात म्हणून आलात ना?
बसा. त्यानंही चालतं."

आम्ही चौघी.
वर्ग म्हणजे खेळाचं सामान ठेवायची खोली,
लेझमी, फुटका ढोल, गोळाफेकीचे गोळे,
आणि पत्रा असा तापायचा
की खडूसुद्धा हाताला ऊन लागे.

देवेण, देवेहिं.
घरी आई सुपात पानं घेऊन बसलेली,
तंबाखू, चिमूट, वळण, दोरा,
मी शेजारी घोकत, देवेण, देवेहिं,
तिचं तेलुगूतलं मोजणं चुकायचं.
"अगं, हळू म्हण तुझ्या त्या देवाला,
हजाराला चाळीस कमी भरल्या तर
तो येणार आहे का वळायला?"

मला आवडायचं ते वेगळंच.
हत्थ म्हणजे हात, दुद्ध म्हणजे दूध, अज्ज म्हणजे आज.
जणू कुणी आपलेच शब्द
सुकवून, घडी घालून, पेटीत तळाशी ठेवले होते
आणि सर एकेक काढून झटकत होते.

मग एक दिवस फळ्यावर मग्ग.
"मग्ग म्हणजे मार्ग. वाट.
आपण माग काढतो ना, तो माग यातूनच आला."
मी उभी राहिले.
"सर, आमच्या घरी मागाला मग्गम म्हणतात.
कापड विणायच्या मागाला. तेलुगूत."

बाकीच्या तिघी हसल्या.
सर हसले नाहीत.
खडू खाली ठेवला, कोश काढला, चाळला,
पुन्हा चाळला, बाहीनं घाम पुसला
(बाहीचा खडू कपाळाला),
आणि म्हणाले, "माहीत नाही."

मास्तर असं बोलतात
हे मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी ते दत्त नगरात आले, सायकलवर.
समोरच्या कारखान्यातले पॉवरलूम खटखटत होते,
बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं.
अण्णा रात्रपाळी करून टॉवेलांच्या गठ्ठ्यावर
तोंड उघडं टाकून पडलेले.
मी उठवायला गेले, सरांनी हात धरला.

आजोबांचा हातमाग कोपऱ्यात होता,
धूळ खात, पण अर्धा ताणा तसाच लावलेला.
सर त्याच्यापुढे वाकले, एक धागा
दोन बोटांत धरला आणि माझ्या कानाशी ओरडले,
"सुत्त!
सुत्त म्हणजे सूत. सुत्त म्हणजे सूत्र, ग्रंथ."
मग अण्णांकडे बघून, आवाज खाली आणत,
त्या खटखटीत मी तो ओठांवरूनच वाचला,
"सुत्त म्हणजे झोपलेला, तोही."

चहा घेतला नाही. आईनं शेंगांची चटणी बांधून दिली
ती मात्र घेतली.

अठ्ठ्याण्णव पडले मला.
सर त्याच मे महिन्यात निवृत्त झाले,
पटावर विद्यार्थी नाहीत म्हणून पदही गेलं,
खोलीत आता शाळेचे कॉम्प्युटर आहेत, तेही जुने झालेत.
हातमाग आम्ही सरपणाच्या भावानं दिला.

बँकेच्या मुलाखतीत एक साहेब गुणपत्रिकेवर बोट ठेवून म्हणाले,
"ही भाषा बोलतं कोण?"
"कोणी नाही, सर," मी म्हणाले, आणि नोकरी लागली.
अशोक चौकापर्यंत चालत येताना वाटलं,
माहीत नाही म्हणायला हवं होतं.

सर गेल्यावर त्यांच्या मुलीनं
कोश रद्दीत न घालता माझ्याकडे पाठवला.
मग्ग या शब्दाशी एक चिठ्ठी, निळ्या शाईतली:

मग्ग / मग्गम् (तेलुगू), हातमाग.
संबंध? नसावा. पण असला तर?
सांगणार : राजमणी चिलवेरी, दहावी ब.
पाहणे.

खाली तारखा आहेत, सात-आठ,
प्रत्येकीपुढे तेच,
पाहणे, पाहणे.
शेवटच्या तारखेला अक्षर थरथरलंय.